रस्ता वळवणारा माणूस

बोरटाकळीचा हौसराव शेलार तसा माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त इतिहास सांगायची खोड वाईट. फाट्यावर थांबलेल्या परक्या माणसानं नुसतं "न्हावऱ्याला जायला किती वेळ लागंल?" असं विचारलं, तरी हौसराव बाहत्तर सालापासून सुरुवात करायचा. तेवढ्यात न्हावऱ्याच्या दोन एसट्या निघून जायच्या आणि पाहुणा तिथंच उभा असायचा.

इतिहास होता रस्त्याचा. पुण्यातून नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता असे दोन थोरले रस्ते निघतात आणि निघाल्या निघाल्या एकमेकांकडं पाठ फिरवतात. त्या दोघांना मधेच जोडणारा हा तिसरा. शिक्रापुरात फुटतो, तळेगाव ढमढेऱ्यात बाजाराच्या दिवशी तासभर अडकून पडतो, न्हावऱ्यावरून पुढं भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्यात उतरतो आणि चौफुल्याला सोलापूर रस्त्याला लागून वरवंड-पाटसकडं चालू लागतो. आधी ही बैलगाडीची वाट होती. मग ग्रामीण मार्ग झाला, मग जिल्हा मार्ग, मग राज्य मार्ग. दर बढतीला कडेच्या दगडावरचा रंग आणि नंबर बदलला. खड्डे मात्र पिढीजात, जागचे हलले नाहीत. आता तो राष्ट्रीय होणार होता आणि चारपदरी होणार होता.

या रस्त्याला बोरटाकळीत एक वळण होतं. न्हावऱ्याकडून तीन मैल नाकासमोर आलेला रस्ता इथं एकाएकी डावीकडं कलंडायचा, शेलारांच्या उसाला लांबलचक वळसा घालायचा आणि परत आपल्या मूळच्या रेषेवर यायचा. मधे ना डोंगर, ना ओढा, ना देऊळ. नवा ड्रायव्हर असला तर वळायचं विसरून सरळ उसात शिरायचा. कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन वळताना मागची ट्रॉली हटकून आडवी व्हायची. दर सीझनला चार-पाच तरी.

तर हे वळण हौसरावच्या वडलांनी, म्हणजे कैलासवासी जालिंदर आप्पा शेलारांनी, घातलं होतं. असं आप्पा स्वतः सांगायचे. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारनं लोकांच्या हाताला काम म्हणून हा रस्ता काढला, तेव्हा आप्पा सरपंच होते. रस्ता आपल्या रानातून जातोय म्हटल्यावर त्यांनी मुंबईला पत्र टाकलं आणि रस्ता हलला. ही गोष्ट आप्पांच्या तोंडी पत्रापर्यंतच होती. हौसरावच्या तोंडी पत्राचा फोन झाला, फोनाचं रूपांतर मुंबईच्या वारीत झालं आणि गेल्या पाच-सहा वर्षांत तर खुद्द मंत्रीच बांधावर येऊन आप्पांच्या हातची भाकरी खाऊन जायला लागले. मंत्र्याचं नाव दर वेळी वेगळं. हयात नसलेलं कुठलंही चालायचं.

"आन् तवा मी सहा महिन्यांचा," हौसराव शेवटी सांगायचा. "दुष्काळात आमच्या आईला आप्पांनी माहेरी वरवंडला धाडलं हुतं. शेलाराची सून काय खडी फोडाय जाणार हाय व्हय?"

एवढं सांगून झालं की तो छाती पुढं काढायचा. त्याच्याजवळ पुढं काढायला दुसरं काही नव्हतं, हेही खरं. कारखान्याच्या निवडणुकीत दोनदा पडला होता. पोरगा इंद्रजीत पुण्यात कंपनीत लागला होता आणि फोनवर "पप्पा, मीटिंगमध्ये आहे" एवढंच बोलत होता. त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला गावात ओळखावं असं त्याच्याकडं एकच होतं, त्याचा बाप राज्याचा रस्ता वळवणारा माणूस होता. म्हणून तर त्यानं वळणावर कमान बांधायला घेतली होती. खांबांचे खड्डे खणून झाले होते. कमानीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं: "कै. जालिंदर (आप्पा) शेलार प्रवेशद्वार. राज्याचा रस्ता वळवणारा माणूस."

आणि खड्ड्यांत सिमेंट पडायच्या आत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. चौपदरीकरणात बोरटाकळीचं अपघाती वळण काढून रस्ता सरळ करण्यात येणार आहे. हरकती असल्यास सोमवारी शाळेत सुनावणी.

हौसरावनं नोटीस तीनदा वाचली. सरळ रेषा नेमकी कमानीच्या दोन खड्ड्यांमधून जात होती. प्रश्न जमिनीचा नव्हता, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. थोडासा जमिनीचाही होता, पण थोडासाच. खरी भीती वेगळी होती. वळण गेलं की आप्पा गेले, आणि आप्पा गेले की मागं नुसता हौसराव उरत होता. त्या विचारानं त्याला जेवण जाईना.

"पुरावा पायजे," तो बायकोला म्हणाला. "सरकार कागदाला घाबरतं."

"मग कागद आणा," सविता म्हणाली. तिला लग्न झाल्यापासूनची तीस वर्षं हीच गोष्ट ऐकून पाठ झाली होती, आणि नवीन काही कानावर पडेल तर तिला हवंच होतं.

कागद म्हटल्यावर हौसरावला शिरूरचे दानिएल भाऊसाहेब आठवले. रस्त्याच्या खात्यात कारकून म्हणून त्यांची हयात गेली होती. त्यांची ख्याती अशी, की उभ्या नोकरीत त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आणि त्यामुळं बढतीही एकच मिळाली. असा माणूस आपल्या बाजूनं उभा केला की काम फत्ते, असा हौसरावचा हिशेब. ज्याला खऱ्याची इतकी खोड आहे त्याला आपल्या गोष्टीजवळ फिरकू देऊ नये, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. कारण गोड कौतुकाची सवय लागलेल्या माणसाला आपली गोष्ट खोटी असेल असा संशयच येत नाही.

दानिएल भाऊसाहेब जुन्या मिशनच्या चर्चमागं राहायचे. ग्रेसबाईंनी चहा आणि नानकटाई पुढं ठेवली. हौसरावनं इतिहास सांगितला. भाऊसाहेबांनी मधे एकदाही मान हलवली नाही. सगळं ऐकून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "बाहत्तरच्या कामावर न्हावऱ्यापासून नदीपर्यंत मिस्त्री कोण होते, ठाऊक आहे?"

"कोण?"

"जॉन्सन मिस्त्री. माझे वडील."

हौसराव खुर्चीतून अर्धा उठला. "मग तर देवच पावला की ओ!"

"वडील रोज संध्याकाळी डायरी लिहायचे. आधी एक वचन, मग दिवसाचं काम. सगळ्या डायऱ्या पेटीत आहेत. मी कधी वाचल्या नाहीत. बापाची डायरी वाचायला मन होत नाही. पण तुमचं काम आहे, वाचतो." भाऊसाहेबांनी चष्मा लावला. "मात्र हौसराव, जे असेल तेच सांगेन."

"तेच पायजे!" हौसराव म्हणाला आणि आणखी एक नानकटाई उचलून गाडीला किक मारली.

शनिवारी दुपारी भाऊसाहेब स्वतःच बोरटाकळीला आले. हातात कापडी पिशवी आणि चेहरा पेपरात नापास झालेल्या मास्तरासारखा. हौसरावनं त्यांना बंगल्याच्या पडवीत बसवलं. हा बंगला आप्पांनी एक्याण्णव साली बांधला होता. पलीकडं हौसरावची आई विठाबाई लसूण सोलत बसली होती. पंचाहत्तरी उलटली होती, पण लसणाची पाकळी अजून तिच्या हातातून एका झटक्यात मोकळी व्हायची. आप्पांच्या रस्त्याची गोष्ट निघाली की ती नेहमी काहीतरी सोलायला, निवडायला घ्यायची. एवढ्या वर्षांत तिनं त्या गोष्टीत एक शब्द भरला नव्हता की एक खोडला नव्हता.

"सापडलं का?" हौसरावनं विचारलं.

"सापडलं. पण तुमच्या वडलांचं नाव नाही त्यात."

"मंत्र्याचं?"

"मंत्र्याचंही नाही." भाऊसाहेबांनी काळ्या पुठ्ठ्याची खिशात मावणारी डायरी काढली. "रस्त्याची आखणी सरळच होती. खुंट्या मारल्या होत्या, चुन्याची फक्की टाकली होती. साहेब पंधरा दिवसांनी एकदा जीपनं यायचे. मधल्या काळात कामावरच्या बायकांनी सहा खुंट्या उपटल्या आणि पलीकडं नेऊन ठोकल्या. पुढारी होती कुणी ताईबाई. हजेरीपटावर तसंच नाव आहे. ताईबाई, राहणार वरवंड."

हौसरावचा चेहरा दही सांडल्यासारखा झाला. मग त्याला राग आला. "कोण ही ताईबाई? आमच्या गावात ताईबाई नावाची बाई कवाच नव्हती. वरवंडची म्हंजी बाहेरची! आये, तुझ्या माहेरची हाय, ठावं हाय का तुला कोण ताईबाई?"

विठाबाईनं लसणाची साल फुंकरीनं उडवली. "ताईबाई माझ्या आईचं नाव हुतं," ती म्हणाली. "पर ती बिचारी दुष्काळाच्या आदीच गेली."

"मग ती नव्हं," हौसराव म्हणाला आणि विषय मिटवला.

विठाबाईनं भाऊसाहेबांकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. "जॉन्सन मिस्त्री हायेत का अजून?"

"नाही, बाई. अठ्ठ्याण्णव साली गेले."

"देवमाणूस हुता," विठाबाई म्हणाली, आणि परात उचलून आत निघून गेली. लसूण अर्धाच सोलून झाला होता. भाऊसाहेब दाराकडं बघत राहिले. हौसराव डायरीकडं बघत होता, त्यामुळं त्याला काही दिसलं नाही.

"भाऊसाहेब, हे सोमवारी आणू नगा."

"तुम्ही बोलावलंत तर वाचीन. नाही बोलावलंत तर मागच्या बाकावर गप्प बसेन. खरं सांगू? मलाही वाचायची इच्छा नाही. ह्या पानावर माझ्या वडलांची एक लबाडी आहे. नोकरीतली एकुलती एक."

सोमवारी शाळेची खोली गच्च भरली. पुरुष बाकांवर, बायका भिंतीकडं सतरंजीवर. गावात सुनावणी म्हणजे तमाशाची फुकटची बारी, घरी कोण राहतंय. रस्त्याच्या कामाच्या इंजिनिअर अनुपमा मॅडम लॅपटॉप लावून बसल्या होत्या. फळ्यावर नकाशा पडला होता: काळं वळण, आणि त्यातून आरपार गेलेली लाल रेषा.

हौसरावनं फेटा बांधला होता. त्यानं आधी गणपतीला वंदन केलं, मग शिवरायांना, मग आप्पांना, आणि मग बाहत्तर सालाला हात घातला. "हे वळण म्हंजी वळण न्हाई मॅडम, हा वारसा हाय. एका सरपंचानं मुंबईच्या सरकारला वळवलं, त्याची ही खूण हाय. ती पुसू नका."

टाळ्या तीन जणांनी वाजवल्या. मागून बिरदेव उठला. बिरदेवचं रान वळणाच्या बाहेरच्या अंगाला. रस्ता सरकला तेव्हा तो त्याच्या आजोबांच्या दोन एकरांवर जाऊन बसला होता. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं होतं ते फक्त लग्नकार्यात आणि मयतीला, तेही तोंडदेखलं.

"झालं का?" बिरदेव म्हणाला. "आता माझं ऐका. मागच्या सीझनला माझी सून अक्षदा स्कुटीवरनं येत हुती. वळणावर उसाची ट्रॉली कलंडली. पोरीच्या पायात सळई हाय. ती बगा, तिथं बसलीय, मांडी घालता येत न्हाई तिला." सगळ्यांनी माना वळवल्या. अक्षदा खुर्चीवर पाय लांब करून बसली होती आणि सगळे बघताहेत म्हणून लाजली. "आजवर आम्ही नशिबाला बोल लावला. पर हौसराव, तू तर कमानीवर लिवतोस, आमच्या बापानं रस्ता वळवला! मग बाप दाखव न्हाईतर श्राद्ध कर. वळवला म्हण, आन् पोरीच्या पायाचा जबाब तुझ्या बापाच्या नावावर घे. न्हाईतर न्हाई वळवला म्हण, आन् कमानीचं खड्डे बुजीव."

हौसरावच्या फेट्याखाली घाम फुटला. आजवर ज्या गोष्टीवर टाळ्या घेतल्या ती आता आरोपपत्र होऊन समोर उभी राहिली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो मनात म्हणाला.

मॅडमनी मधे विचारलं, "हे वळण मुळात का ठेवलं, याची कुणाकडं माहिती आहे का? आमच्या जुन्या कागदावर एवढंच आहे, 'खाली काळा पाषाण लागल्याने आखणी बदलली.' पण आम्ही बोअर घेऊन पाहिलं. खाली सगळा मुरूम आहे. पाषाण नाहीच. मग ही नोंद केली कुणी?"

मागच्या बाकावर दानिएल भाऊसाहेबांनी मान खाली घातली. आणि इकडं हौसरावला एकदम वाट दिसली. भ्यालेल्या माणसाला दिसते तशी, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरून जाणारी.

"मॅडम!" तो ओरडला. "आमच्या आप्पांचा ह्यात काडीचा दोष न्हाई! रस्ता त्यांनी वळवलाच न्हाई!"

"आँ?" अख्खी खोली म्हणाली.

"खुंट्या हलवल्या कामावरच्या बायांनी! ताईबाई नावाची कोण भवानी हुती, तिनं! काम करायचं सोडून उचापती! अक्षदाच्या पायाचा जबाब त्या बाईला विचारा! भाऊसाहेब, उठा, वाचा डायरी. समद्यांना कळू दे कुणाचं पाप हाय ते."

भाऊसाहेब सावकाश पुढं आले. चष्मा लावला. "वाचू ना नक्की?" त्यांनी हौसरावला विचारलं. हौसरावनं जोरात मान हलवली. भाऊसाहेबांनी मग बायकांच्या सतरंजीकडं पाहिलं, आणि तिथून कुणी नको म्हणेना तेव्हा वाचायला लागले.

"'आज दुपारी भाकरीच्या सुट्टीत बायांनी खुंट्या क्रमांक चौदा ते एकोणीस उपटून चाळीस पावले पूर्वेस ठोकल्या. मी जाब विचारला. आखणी कडुनिंबाच्या झाडावरून जाते. दोन मैलांत हे एकच झाड हिरवे आहे. त्याला आज अकरा झोळ्या बांधल्या होत्या. उद्या झाड तोडायचा हुकूम. ताईबाई नावाची मजूर पुढे झाली. पदर हनुवटीपर्यंत, तोंड दिसत नाही, बोलणे मोठ्या घरचे. म्हणाली, मिस्त्री, झाड तोडले तर पोरं कुठं टांगू? तुमच्या मोजपट्टीला? माझं सहा महिन्यांचं हाय. ऊन लागून काल एक पोर गेलं ते तुम्हीच पुरलंत.'"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुढं वाचलं.

"'साहेबांना अहवाल पाठवला की खाली काळा पाषाण लागला, आखणी हलवणे भाग आहे. पाषाण नाही. प्रभू मला क्षमा करो. पण झोळ्या मोजल्यावर माझ्या हाताने दुसरे काही लिहवले नाही.'"

मग सतरंजीवरून एक खसखस ऐकू आली. आधी एक म्हातारी हसली, मग दुसरी. बोळक्या तोंडांची अशी पाच-सहा माणसं होती तिथं, आणि पन्नास वर्षं तोंडात धरलेली गुळणी एकदम सुटावी तशी ती हसत होती. त्यातली पार्वतीबाई, बिरदेवची चुलती, शेजारणीला कोपरानं ढोसत म्हणाली, "उठ की गं ताईबाई! तुझ्या पोरानं भवानी म्हटलं तुला भर सभेत. उठ, दाव तोंड."

विठाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. हौसराव तिच्याकडं बघत राहिला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"माझ्या आईचं नाव लिवलं हुतं मी पटावर," ती मॅडमना म्हणाली. गावाला काही सांगायचं नव्हतंच, निम्म्या गावाला ठाऊक होतं. "शेलाराची सून खडी फोडती म्हणून कळाय नगं, म्हणून ह्यांनी समद्यांना सांगितलं, बायकू माहेरी गेली. आन् मी सकाळी अंधारात पोर घेऊन कामाव. सांच्याला कामावर वाटलेली सुकडी आन् मिलोचं पीठ आणायची, ते ह्यांनी खाल्लं. सरपंचाला बी भूक लागती. गावच्या बायांनी मला उघडी पाडली न्हाई. आन् बाप्यांनी बगून न बगितल्यावानी केलं. रस्ता हलल्यावर लोकं ह्यांना इचारायला लागली, का हलला? आता काय सांगणार, बायकूनं हलवला? म्हणाले, मी पत्र टाकलं."

"आये, मग तू कवाच का न्हाई बोललीस?" हौसरावचा आवाज लहान पोराचा आला.

"तू इचारलंस कवा? तू सांगत हुतास." ती बिरदेवकडं वळली. "बिरदेव, तुझ्या आज्ज्याच्या रानात खुंट्या मारल्या तवा त्या अकरा झोळ्यांत तुझ्या आईची बी झोळी हुती. तुझा थोरला भाऊ हुता तीत. पर अक्षदाचा पाय..." तिनं पदरानं नाक पुसलं आणि अक्षदाकडं पाहिलं. "पोरी, तुझं मला लई लागलं. दवाखान्यातनं तुला आणली त्या दिशी मी बोलाय पायजे हुतं. न्हाई बोलले. ह्यांचं नाव राखत बसले."

अक्षदा म्हणाली, "असू द्या, आज्जी," आणि रडायला लागली. बिरदेव खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "आजी, ते कडुनिंबाचं झाड आहे अजून? असेल तर आपण विचार करू. झाड वाचवता आलं तर..."

"कुठलं झाड, बाई!" विठाबाई हसली. "बंगल्याच्या चौकटींला ह्यांनीच तोडलं की. एक्याण्णव साली. मी म्हणलं, अवो, त्या झाडापायी रस्ता वळलाय. तर म्हणाले, रस्ता मी वळवलाय. सांगून सांगून त्यांना बी खरं वाटाय लागलं हुतं."

आता मात्र सगळी शाळा हसली. मॅडमही हसल्या. हौसराव हसला नाही. तीस-चौतीस वर्षं तो त्या झाडाच्या चौकटीतून आत-बाहेर करत होता आणि छाती काढून बापाची गोष्ट सांगत होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी वाटलं ज्याला त्याच्याकडं नाव नव्हतं. आपल्यासाठी कुणी रस्ता वळवला असेल, हे त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

विठाबाईनं फळ्यावरच्या लाल रेषेकडं बोट केलं. "मॅडम, वळण पोरांसाठी हुतं. पोरं मोठी झाली. माझं तर त्रेपन्न वर्षांचं हाय, ते बगा, फेटा बांधून उभंय. झाड न्हाई, झोळ्या न्हाईत. आता कुणासाठी वळायचं? सरळ करा."

मॅडमनी हरकतींची वही पुढं ओढली. "हौसराव, तुमची हरकत कायम ठेवायची की मागं घ्यायची?"

"मागं घेतो."

"कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

हौसरावनं फेटा काढून काखेत मारला. "आईनं सांगितलं, असं लिवा," तो म्हणाला. मॅडमनी तसंच लिहिलं आणि त्यानं खाली सही केली.

दानिएल भाऊसाहेब डायरी पिशवीत घालत होते. विठाबाई त्यांच्याजवळ गेली. "भाऊसाहेब, ती काळ्या पाषाणाची लबाडी," ती म्हणाली, "आता उगडी पडली. काय म्हणतील मिस्त्री?"

"म्हणतील, बरं झालं," भाऊसाहेब म्हणाले. "पन्नास वर्षं ओझं होतं." पण त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही.

घरी जाताना हौसरावनं आईला मोटारसायकलवर मागं घेतलं. वळण आलं तशी त्यानं गाडी बारीक केली आणि कमानीच्या दोन खड्ड्यांपाशी थांबवली. वळणाच्या आतल्या अंगाला ऊस उभा होता. झाड नेमकं कुठं होतं ते त्याला कळेना. विठाबाईनं न विचारता बोट दाखवलं.

हौसराव तिकडं बघत राहिला. त्रेपन्न वर्षांत त्यानं इतिहास हजार वेळा सांगितला होता, पण इतिहासाला प्रश्न विचारायची ही पहिलीच वेळ. म्हणून तो चाचरत बोलला.

"आये, मी झोळीत लई रडायचो का गं?"

"न्हाई," विठाबाई म्हणाली. "एवढा दगडांचा खडखडाट, पर तू आपला निवांत झोपलेला असायचास. आज जागा झालास. चल आता, लसूण सोलायचा राहिलाय."